बेशरम, काँग्रेस आणि मेडशीचा धुरा

तण काढलं म्हणून कुणाला मतं मिळाल्याचं ऐकलंय? नाही ना! म्हणूनच ते वाढतंय. अकोला-वाशीम रस्त्यावरच्या एका गावातली, जरा हटके पावसाळी भटकंती.

पावसाळ्यातले वीकेंड म्हटले की आपली लिस्ट ठरलेली. ताम्हिणी, माळशेज, भंडारदरा. सप्टेंबर उजाडला की कास. विदर्भाची एण्ट्री फक्त ताडोबापुरती. त्यामुळे 'मेडशीला चाललेय' असं सांगितल्यावर ग्रुपमधल्या प्रत्येकाचा एकच प्रश्न होता, 'हे कुठे आलं?'

तर मंडळी, अकोल्याहून वाशीमचा रस्ता धरायचा. सपाट काळी रानं मागे पडत जातात, पातूर येतं आणि पातूरच्या पुढे घाट लागतो. घाट चढून वर आलं की दोन्ही बाजूंना सागाचं जंगल आणि मधे सोयाबीनचे हिरवेगार चौकोन. याच रस्त्यावर, मालेगावच्या अलीकडे मेडशी. हे मालेगाव नाशिकवालं नव्हे, वाशीमवालं. वाशीम जिल्हाही तसा तरुणच, १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला. मेडशीच्या नावाने वनखात्याचं एक वनपरिक्षेत्र आहे आणि त्याच पट्ट्यात काटेपूर्णा अभयारण्य. १९८८ साली जाहीर झालेलं, सुमारे ७४ चौरस किलोमीटरचं. चौशिंगा आणि भेकर ही तिथली स्टार मंडळी.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, पोळा तोंडावर असताना मी तिथे पोचले. एसटीतून उतरल्या उतरल्या जे दिसतं, त्याला एकच शब्द आहे: हिरवं. डोळे निवतात एकदम. पण मी गेले होते ते या हिरव्यातलं नेमकं किती हिरवं बाहेरून आलंय, ते बघायला.

साइटसीइंग, पण तणांचं

पहिला स्टॉप रस्त्याची कड. गुडघ्यापासून कमरेपर्यंत वाढलेलं, गाजराच्या पानांसारखी कातरलेली पानं आणि वर पांढऱ्या फुलांचा बारीक शिडकावा. हे गाजर गवत. तुमच्या सोसायटीच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवरही असतं. दुसरा स्टॉप नाला. जांभळट गुलाबी, कर्ण्यासारखी फुलं, जाड हिरव्या काड्या, पाण्यात पाय सोडून उभी असलेली झुडपं. फोटोत झक्कास दिसतात. विदर्भात यांचं नाव आहे बेशरम. कितीही तोडा, फेकलेल्या तुकड्यालाही मुळं फुटतात. लाज म्हणून नाही!

तिसरा स्टॉप जंगलाची कड. पिवळ्या-गुलाबी फुलांचे गुच्छ आणि अंगावर ओरखडे काढणारं काट्यांचं जाळं. ही घाणेरी, कुणी टणटणी म्हणतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी शोभेचं झाड म्हणून कलकत्त्याच्या बागेत आणलेली. आज देशातल्या वाघांच्या जंगलांपैकी सुमारे ४० टक्के भागात ती पसरल्याचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. तिच्याच शेजारी उग्र वासाची रानतुळस. नाव आपलं, पण मूळ अमेरिका खंडातलं.

चारही पाहुणे परदेशी. चौघांनाही गुरं सहसा तोंड लावत नाहीत. आणि चौघांखाली एकेकाळी गवत होतं.

नावातच पॉलिटिक्स

गाजर गवताचं दुसरं नाव काँग्रेस गवत. का? गावातल्या टपरीवर चहा पिता पिता दोन थिअरी ऐकायला मिळाल्या. एक, काँग्रेसच्या राज्यात अमेरिकेतून आलेल्या गव्हातून हे आलं. दोन, पांढरी फुलं म्हणजे गांधी टोपी. टपरीवर दोन्हींचे समर्थक होते आणि दोन्ही बाजूंना पुढाऱ्यांवर राग काढायची आयती संधी होती.

गव्हाची थिअरी अभ्यासकांच्या लिखाणातही सापडते. पण तारखा जुळवायला गेलं की गंमत होते. अमेरिकेशी 'पीएल-४८०'चा गव्हाचा करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. पुण्याच्या आसपास हे झाड दिसल्याच्या नोंदी पन्नासच्या दशकातल्याच, काही तर कराराच्याही आधीच्या. म्हणजे सगळं खापर त्या गव्हावर फोडणं कठीण आहे. एवढं मात्र नक्की, की देशभर झालेल्या या गवताच्या गाजावाजाची सुरुवात आपल्या पुण्यातून झाली. आज देशात साडेतीन कोटी हेक्टरवर त्याचा पसारा असल्याचं जबलपूरचं तण संशोधन संचालनालय सांगतं.

त्याचा फंडा साधा आहे. एका झाडाला हजारो बिया. उगवल्यापासून महिना-सव्वा महिन्यात फुलोरा. पाऊस असेल तर वर्षात तीन-चार पिढ्या. बी इतकं हलकं की वारा, पाणी, ट्रकची चाकं, मुरूम, सगळे त्याचे कुरिअर. रस्ता रुंद करायला माती हलली की पहिला नंबर याचाच. अकोला-वाशीम रस्ता चौपदरी झाला, समृद्धी महामार्ग याच मालेगाव तालुक्यातून गेला. उघडी माती म्हणजे गाजर गवताला रेड कार्पेट.

सातबारा न वाचणारं गवत

इकडे शेताच्या बांधाला म्हणतात धुरा. एका धुऱ्यावर एक काका डोक्याला रुमाल गुंडाळून गाजर गवत उपटत होते. बाकी शिवारात कुणीच नव्हतं.

"काय पाहून राह्यल्या मॅडम?"

"तुमचा धुरा बघतेय काका. स्वच्छ आहे एकदम."

"आमचा हाय. पन बाजूवाल्याचा पाहा. मी उपटतो, त्याचं बी माह्या वावरात येते. मंग फायदा काय?"

पूर्ण विषय या एका वाक्यात आला, बॉस. गाजर गवताला सातबारा वाचता येत नाही. काकांचा धुरा काकांचा. पलीकडचा शेजाऱ्याचा. शेजारी अकोल्याला नोकरी करतो, जमीन ठोक्याने दिलेली. ठोकेदाराला पिकाशी मतलब, धुऱ्याशी नाही. त्याच्या पुढचा पांदण रस्ता कुणाचाच नाही. मग ई-क्लास, म्हणजे गावची गुरं चरायची सरकारी जमीन. पुढे हायवेची कड हायवेवाल्यांची, नाला आणखी एका खात्याचा, जंगल वनखात्याचं. एका किलोमीटरमध्ये पाच-सहा मालक आणि एकच गवत.

काही जण धुऱ्यावर तणनाशक मारतात. आठ दिवसांत सगळं पिवळं पडतं, बघायला बरं वाटतं. पण त्यात पवन्या-मारवेलसारखं चाऱ्याचं गवतही जातं. जमीन उघडी पडते आणि पुढच्या सरीला तिथे सगळ्यात आधी कोण उगवतं, ते आता तुम्हीच सांगा.

खर्च मात्र कुणीतरी भरतंच. सोयाबीनच्या निंदणाला जाणाऱ्या बायका तो अंगावर भरतात. एका ताईंनी कोपरापासून मनगटापर्यंतचा हात दाखवला. कातडी काळवंडून जाड झालेली, खाजवून खाजवून चिरा पडलेल्या. गाजर गवतातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्यामुळे अशी अॅलर्जी होते, परागकणांमुळे काहींना दम्याचा त्रासही होतो. ताई जुन्या साडीच्या बाह्या शिवून हाताला घालतात. "निंदनाले गेलं नाई तं चूल कशी पेटन?" एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या ओळीला लागल्या. ऑफिसमध्ये एसी जास्त झाला म्हणून एचआरला मेल टाकणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यावर काय बोलायचं!

रिबीन कापायची कुठे?

आता मुद्द्याचं. एवढा त्रास आहे तर हा इलेक्शनचा विषय का होत नाही?

कारण सोपं आहे. रस्ता झाला की फलक लागतो. सभामंडप झाला की कोनशिला बसते. तण काढलं की काय उरतं? मोकळी जागा. मोकळ्या जागेसमोर उभं राहून रिबीन कशी कापणार? शिवाय हे काम एका वर्षात संपत नाही. मातीत पडलेलं बी पुढची काही वर्षं उगवत राहतं. या सरपंचाने काढायचं आणि फरक दिसायचा पुढच्या सरपंचाच्या काळात!

गंमत म्हणजे विदर्भाच्या राजकारणात तणाला भरपूर मान आहे. रस्त्यात खड्डे पडले की कार्यकर्ते त्या खड्ड्यांत बेशरमची झाडं लावतात. अधिकारी ऐकत नसेल तर टेबलावर बेशरमची फांदी ठेवतात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. म्हणजे बेशरम हे आंदोलनाचं हत्यार आहे, पण बेशरमविरुद्ध आंदोलन कधी ऐकलं नाही. आणि खड्ड्यात पाणी असेल तर ती फांदी तिथेच रुजायची!

ज्यांनी जमवलं त्यांनी काय केलं?

कायदा करून बघितलाय. कर्नाटकने १९७५ साली गाजर गवताला उपद्रवी तण म्हणून जाहीर केलं. पाच दशकं झाली, बंगळुरूच्या रिकाम्या प्लॉटवर ते आजही डोलतंय. लोक सोबत नसतील तर कायद्याचा कागद खुरप्याचं काम करत नाही.

विज्ञानही करून बघितलंय. १९८३ साली मेक्सिकोहून एक भुंगा बंगळुरूत आणला गेला आणि चाचण्या करून १९८४ ला सोडला गेला. दुधी रंग, पाठीवर तपकिरी रेघा. पावसाळ्यात तो आणि त्याच्या अळ्या गाजर गवताची पानं खातात. मेडशीच्या रस्त्याकडेला मला तो दिसला. एका झाडाच्या काड्याच उरल्या होत्या. पण या बिचाऱ्याचीही एकदा बदनामी झाली. कर्नाटकात तो सूर्यफुलाच्या पानांवर दिसला आणि पिकं संपणार अशी ओरड उठली. भुंगे सोडण्याचं काम अडलं, चौकशी समिती बसली. धोका नाही असं पुढे स्पष्ट झालं, पण मधली वर्षं गेली ती गेलीच. शेतकऱ्याला आधी विश्वासात घेतलं नाही तर फुकटचा मदतनीसही शत्रू वाटतो.

तामिळनाडूची स्टोरी वेगळी. तिथल्या वेड्या बाभळीविरुद्ध वायको या नेत्याने मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठात याचिका केली. २०१७ साली कोर्टाने ही झाडं काढण्याचे आदेश दिले. कलेक्टरपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे कामाला लागले. आधी शास्त्रीय अभ्यास हवा म्हणून त्याच वर्षी मोहिमेला ब्रेकही लागला. पण विषय मेला नाही आणि २०२२ साली राज्याने अशा आक्रमक झाडांसाठी स्वतंत्र धोरण आणलं. वेडी बाभूळ राजकीय का झाली? कारण तिथे लोक 'परदेशी प्रजाती' असलं काही बोलत नव्हते. 'हे झाड आमच्या विहिरीचं पाणी पितं' असं बोलत होते. पाण्यावर मत मिळतं.

आपल्याकडचं उदाहरण लोणार. जून २०२० मध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं आणि तुम्ही-आम्ही सगळ्यांनी ते फोटो शेअर केले. त्या विवराच्या उतारावरही वेडी बाभूळ माजली होती. लोणारचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे होतं, त्यामुळे बाभूळ काढण्याचा विषय मार्गी लागला. लोणार सेलिब्रिटी आहे, त्याच्यासाठी कोर्ट आहे, कॅमेरे आहेत. मेडशीच्या ई-क्लासचा फोटो कोण शेअर करणार?

रोही आला धावून

मग मेडशीने काय करायचं? मला वाटतं, उत्तर मला टपरीवरच मिळालं. तणाबद्दल विचारलं तर लोक दोन मिनिटं बोलले. रोह्यांबद्दल विचारलं तर दीड तास.

रोही म्हणजे नीलगाय. रोही आणि रानडुकरं इथल्या शेतकऱ्याची झोप उडवतात, अक्षरशः. सोयाबीन, तूर, हरभरा, काहीही पेरा, रात्री राखण लागते. प्रत्येक पुढाऱ्याच्या दौऱ्यात पहिली तक्रार हीच. आता जंगलाच्या कडेला पुन्हा एकदा बघा. घाणेरीच्या जाळ्याखाली गवत नाही. रानतुळशीखाली गवत नाही. चरायला आत काही उरलं नाही तर जनावर बाहेरच येणार. डुकरांना दिवसभर दडायला तर घाणेरीइतका मस्त फ्लॅट दुसरा नाही. पिकांच्या नुकसानीचं हे एकमेव कारण नाही, पण तणाचा धागा त्यात आहे.

म्हणजे तण हा विषय कुणाचाच नसतो, रोही सगळ्यांचा असतो. दूध सगळ्यांचं असतं. हाताची खाज निंदणाला जाणाऱ्या प्रत्येक बाईची असते आणि पोळ्याला सजवलेल्या बैलाला उन्हाळ्यात कुटार पुरत नाही, हे दुखणं प्रत्येक कास्तकाराचं. या चार गोष्टींना धरून कुणी ग्रामसभेत बोललं तर लोक ऐकतील. 'जैवविविधता' या शब्दाने सुरुवात केली तर चहा येईपर्यंत अर्धी सभा उठेल.

दुसरी गोष्ट टायमिंगची. जबलपूरच्या संस्थेच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजर गवत जागृती सप्ताह होतो. चांगलंच आहे. पण जूनच्या पहिल्या पावसात उगवलेलं गवत तोवर फुलून मोकळं झालेलं असतं. खरी लढाई जुलैतली, फुलाच्या आतली, आणि सगळ्या धुऱ्यांवर एकाच आठवड्यातली. नाहीतर काकांसारखं एकट्याने उपटत बसायचं.

लोकांना एकाच वेळी कामाला लावणं अशक्य आहे का? मुळीच नाही. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपने २०१६ पासून चार वर्षं ते करून दाखवलं. कारंज्याकडची गावंही त्यात होती. ठरावीक दिवस, मार्क, शेजारच्या गावाशी चुरस आणि शेवटी डोळ्यांना दिसणारं पाणी. तणाच्या कामालाही हाच मसाला लागेल. मार्क मात्र उपटलेल्या तणाला न देता, त्या जागी उगवलेल्या चाऱ्याला द्यायला हवेत. उपटून जागा नुसती सोडली की तण परत येतं; गवताचं बी टाकलं, एक-दोन पावसाळे चराई थांबवली, तर गवत टिकतं. घाणेरीचंही तसंच. दिल्लीचे प्रा. सी. आर. बाबू यांनी कॉर्बेटमध्ये वापरलेली पद्धत हेच सांगते. झुडूप वरून छाटू नका, जमिनीखाली खोड-मुळाच्या जोडाशी तोडून उलटं ठेवा आणि मग तिथे गवत येऊ द्या. ई-क्लासवरच्या दोन एकरांत पवन्या कमरेएवढा झाला, की बघा फलक लावायला किती जण येतात. येऊ देत! रिबीन कापायला अखेर काहीतरी मिळालं म्हणायचं.

आणि सुरुवात कुणी करायची? या मातीत त्याचंही उत्तर आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात जन्मलेले गाडगेबाबा गावात आले की भाषण करत नसत. आधी खराटा घेऊन गाव झाडत, लोक आपोआप गोळा होत आणि रात्री कीर्तन. राज्याच्या ग्रामस्वच्छता अभियानाला २००० साली त्यांचं नाव दिलं गेलं ते उगाच नाही. सप्ताहाचं उद्घाटन करायला येणाऱ्या साहेबांनी पहिला तास खुरपं हातात धरलं तरी पुरे.

आपल्या टेकडीचं काय?

हसू नका. पावसाळा सरता सरता पुण्याच्या टेकड्यांवर आणि हायवेच्या कडेला केशरी-गुलाबी कॉसमॉस फुलतो आणि आपण त्यात उभे राहून डीपी काढतो. तोही बाहेरचाच. टेकड्यांवरचं गिरिपुष्प बाहेरचं, नदीतली जलपर्णीही बाहेरची. मेडशीच्या काकांना निदान आपल्या धुऱ्यावर काय उगवलंय ते माहीत आहे. आपल्याला आपल्या टेकडीवरची तीन गवतं ओळखता येतात का? मला मेडशीला जाईपर्यंत एकही येत नव्हतं. आता दोन येतात.

जायचंय?

कसं जाल : मुंबईहून विदर्भ किंवा अमरावती एक्स्प्रेसने अकोला. पुण्याहून नागपूरकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या अकोल्याला थांबतात. तिथून वाशीमकडची एसटी किंवा गाडी, पातूर घाटमार्गे. मेडशी साधारण पन्नासेक किलोमीटर.

कधी : जुलै ते सप्टेंबर. तण ओळखायला आणि उपटायलाही हेच दिवस.

मुक्काम : अकोला किंवा वाशीम.

खायचं काय : ज्वारीची भाकरी, ठेचा आणि पाटवडीचा रस्सा. पाण्याची बाटली हाताशी ठेवा.

आणखी काय बघाल : पातूरची लेणी, शिरपूरचं अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर, वाकाटकांची राजधानी असलेलं वाशीम.

बॅगेत काय : पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे. गाजर गवत उघड्या हाताने उपटू नका. आणि परतताना बूट झाडून या, नाहीतर पुढच्या वर्षी मेडशीचं बी तुमच्या पार्किंगमध्ये उगवायचं.